यामातो जोडताना

जपानच्या आरमाराने बांधलेली यामातो ही आजवरची सर्वांत मोठी बॅटलशिप. बॅटलशिप म्हणजे नुसती लढाऊ बोट नव्हे. जाड चिलखताची, थोराड तोफांची, समोरासमोर उभी राहून मार देणारी आणि मार खाणारी बोट. (मराठीत आपण विनाशिकेपासून विमानवाहू नौकेपर्यंत सगळ्यांनाच सरसकट युद्धनौका म्हणतो, म्हणून इथे हा इंग्रजी शब्दच ठेवतो.) ४ नोव्हेंबर १९३७ रोजी कुरे इथल्या आरमारी गोदीत तिच्या बांधणीला सुरुवात झाली, ८ ऑगस्ट १९४० ला ती पाण्यात उतरली, १६ डिसेंबर १९४१ ला आरमारात दाखल झाली आणि ७ एप्रिल १९४५ ला बुडाली. पुरती साडेतीन वर्षंही नाहीत. आणि या सगळ्या काळात सामान्य जपानी माणसाला, ज्याच्या करातून ती बांधली त्याला, तिचं नावदेखील ठाऊक नव्हतं. ते त्याला कळलं युद्ध हरल्यानंतर.

जी बोट कोणी पाहू नये म्हणून एवढा आटापिटा केला, तिचीच प्रतिकृती पुढे जपानी पोरंसोरं टेबलावर जोडू लागली. गेल्या पावसाळ्यात ती आमच्या घरीही आली, एका खोक्यातून. प्रमाण १:७००. म्हणजे २६३ मीटरची बोट साडेसदतीस सेंटिमीटरची झालेली. मी या छंदात अगदी नवखा. हातात निप्पर, चिमटा, पॉलिशपेपर आणि डोळ्यांवर नवा चष्मा. तेव्हा प्रतिकृती कशी करावी हे सांगायला मी काही बसलेलो नाही. पण ती जोडताना इतिहास जसा हाताला लागतो तसा तो पुस्तक वाचताना लागत नाही, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

खोकं उघडलं की आत प्लास्टिकच्या चौकटी असतात. झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे त्या चौकटींना शेकडो भाग लटकलेले. एकेक कापायचा, त्याचं देठ घासायचं, रंगवायचा, चिकटवायचा. पहिला भाग बोटीचा सांगाडा. तो हातात घेतल्याबरोबर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ही बोट पोटात फार रुंद आहे. नाक निमुळतं, मग एकदम फुगवटा. आपल्याकडच्या खनिजाच्या बार्जी साधारण साठ-सत्तर मीटरच्या. तशा चार एकामागोमाग लावल्या तर यामातोची लांबी भरेल. पण रुंदी ३८.९ मीटर! एवढी कशाला?

त्याचं उत्तर पनामात आहे. पनामा कालव्याचे त्या वेळचे दरवाजे होते साडेतेहतीस मीटर रुंदीचे. अमेरिकेचं आरमार दोन महासागरांत वाटलेलं, त्यामुळे तिची प्रत्येक बोट या दरवाजातून जाईल अशीच बांधावी लागे. जपानने हिशेब मांडला तो असा : आपण कालव्यात न मावणारी बोट बांधू. तिच्यावर एवढ्या मोठ्या तोफा बसवू की तशा तोफा बसवायच्या तर अमेरिकेला कालव्यावर पाणी सोडावं लागेल. संख्येत आपण त्यांना गाठू शकत नाही, तर आकारात गाठू. १९३४ च्या डिसेंबरात जपानने आरमारी करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली, १९३६ अखेर तो करार संपला आणि पुढच्याच वर्षी कुरेमध्ये काम सुरू झालं. हिशेब कागदावर बिनचूक होता. दुर्दैवाने शत्रू विमानं घेऊन येईल हे त्या कागदावर नव्हतं.

तोफांचं तोंड ४६ सेंटिमीटरचं. इतक्या मोठ्या तोफा आजवर ती आणि तिची जुळी बहीण सोडून दुसऱ्या कुठल्याही बॅटलशिपवर चढलेल्या नाहीत. एका गोळ्याचं वजन १,४६० किलो, पल्ला ४२ किलोमीटर. म्हणजे मुरगावच्या बंदरातून डागली तर गोळा सावंतवाडीच्या थोडा अलीकडे पडावा. पण आरमाराच्या कागदोपत्री या तोफेचं नाव होतं ‘चाळीस सेंटिमीटर’. मुद्दाम खोटं. अमेरिकेचं गुप्तहेर खातं युद्ध संपेपर्यंत तेच धरून चाललं होतं. कुरेमध्ये भोवतालच्या डोंगरांवरून दिसू नये म्हणून गोदीवर छप्पर घातलं. तिची जुळी बहीण मुसाशी नागासाकीला बांधली जात होती, तिथे तर माडासारख्या एका झाडाच्या काथ्याचे दोर विणून अख्ख्या बांधणीभोवती प्रचंड पडदे सोडले होते. त्या दोरांची इतकी खरेदी झाली की बाजारात काथ्या मिळेना आणि कोळी बुचकळ्यात पडले. बंदरापलीकडे परदेशी वकिलाती होत्या, त्यांच्या खिडक्यांसमोर आडोसा म्हणून एक गोदामच उभारलं. आमच्या किनाऱ्यावर काथ्या वळणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. एका बॅटलशिपने काथ्या संपवला हे वाचून त्यांनीही कपाळावर हात मारला असता.

आणि मग १९४५ चा ऑगस्ट. शरणागतीबरोबर जपानी आरमाराने कागद जाळायला काढले. आराखडे, अहवाल, छायाचित्रं. यामातोचे फोटो मुळातच मूठभर. २० सप्टेंबर १९४१ चा कुरेतला एक, साजसज्जा चालू असतानाचा; आणि त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरचा समुद्रचाचणीतला एक, ज्यात ती पाणी कापत भरधाव चालली आहे. नंतरचे बरेचसे फोटो काढले ते अमेरिकन वैमानिकांनी, वरून, बॉम्ब टाकता टाकता. गंमत पहा, तिच्या शेवटच्या दिवसांत ती कशी दिसत होती हे आज आपल्याला मुख्यत्वे तिला मारायला आलेल्यांच्या कॅमेऱ्यातून कळतं.

मग हे प्लास्टिकचे साचे कशावरून केले? इथे मला सगळ्यात जास्त रस वाटू लागला. युद्धानंतर जुन्या आरमारी अभियंत्यांनी स्मरणातून, वाचलेल्या कागदांतून, दडवलेल्या फोटोंतून हळूहळू या बोटीची माहिती गोळा करून छापली. त्यावरून नकाशे झाले, नकाशांवरून किटं झाली, नवा फोटो वा नवा नकाशा हाती लागला की किट बदललं. शिझुओकाची तामिया ही कंपनी मुळात लाकूडकामातली. लाकडी प्रतिकृती विकायची. परदेशी प्लास्टिक किटांनी तो धंदा बसू लागला तेव्हा १९६० मध्ये तिने आपलं पहिलं प्लास्टिक किट काढलं, ते यामातोचं, १:८०० चं. ते सपशेल पडलं, कारण निचिमो नावाच्या दुसऱ्या कंपनीने तीच बोट स्वस्तात आणली. (तामिया सावरली ती पुढे एका जर्मन रणगाड्यावर. पण तो विषय वेगळा.) १९७१ मध्ये शिझुओकाच्या चार कंपन्यांनी एकत्र येऊन जपानी आरमाराच्या बोटी आपसात वाटून घेतल्या आणि १:७०० ची, पाण्याच्या रेषेवर कापलेली मालिका सुरू केली. १९७८ मध्ये तामियाची १:३५० ची मोठी यामातो आली, १९९८ मध्ये १:७०० ची नवी, २०११ मध्ये १:३५० ची पुन्हा नवी. नाव तेच, बोट तीच. पण प्रत्येक आवृत्ती आधीचीला दुरुस्त करणारी. इतिहासाच्या पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या निघतात त्याहून हे वेगळं नाही, असं माझं मत झालं आहे. फरक एवढाच की पुस्तकात शंकेची जागा ‘बहुधा’ म्हणून निभावता येते. प्लास्टिकला ‘बहुधा’ म्हणता येत नाही. शिडी डाव्या बाजूला असेल नाहीतर उजव्या.

याचा सुंदर दाखला म्हणजे बोटीच्या नाकावरचं सोनेरी शेवंतीचं फूल, सम्राटाचं राजचिन्ह. अनेक वर्षं सगळे धरून चालले होते की ते दीड मीटर व्यासाचं आहे. यामातोचे अवशेष १९८५ मध्ये निश्चितपणे ओळखले गेले, क्यूशूच्या नैर्ऋत्येला साडेतीनशे मीटर खोल पाण्यात, दोन तुकड्यांत. १९९९ मध्ये पाणबुडी यंत्र उतरवून पाहणी झाली तेव्हा दिसलं की फूल मीटरभरच आहे. १:७०० मध्ये हा फरक किती? दीड मीटर म्हणजे २.१ मिलिमीटर, एक मीटर म्हणजे १.४. पाऊण मिलिमीटरच्या आतला तंटा, आणि तो मिटवायला कोणीतरी समुद्राच्या तळाशी जावं लागलं! ते फूल मी दात कोरायच्या काडीच्या टोकाने सोनेरी केलं, श्वास रोखून.

पावसाळ्यात हे काम काढणं गोव्यात तसं धाडसाचंच. हवेत इतका दमटपणा की रंगाचा एक हात सुकायला दोन-दोन दिवस लागतात. मध्येच चवथ आली; टेबल पाहुण्यांना लागलं, बोट कपाटावर गेली, माटोळीची फळं उतरेपर्यंत ती तिथेच होती. असो. रंगाचाही इतिहास आहे बरं का. जपानी आरमाराचा करडा रंग म्हणजे एक रंग नव्हे. प्रत्येक गोदी आपापलं मिश्रण करी. कुरेचा करडा गडद, सासेबोचा वेगळा. आज दुकानात दोन्ही गोद्यांच्या नावाच्या निरनिराळ्या बाटल्या मिळतात. बोट कुरेची म्हणून मी कुरेची बाटली घेतली. १९४४ च्या लेयटेच्या लढाईपूर्वी तिचं लाकडी डेक काळं केलं होतं असंही एक मत आहे आणि त्यावर जाणकारांची जुंपलेली असते. मी लाकूड लाकडाच्याच रंगाचं ठेवलं.

पण नवख्याला खरा प्रश्न पडतो तो याच्याही आधी : कुठल्या वर्षाची यामातो करायची? कारण १९४१ ची आणि १९४५ ची या दोन वेगळ्या बोटी दिसतात. १९४१ च्या यामातोवर मधोमध दोन्ही बाजूंना १५.५ सेंटिमीटरच्या दुय्यम तोफांचा एकेक बुरूज होता. १९४४ मध्ये हे बाजूचे बुरूज काढले आणि त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. २५ मिलिमीटरच्या छोट्या तोफा तर वाढतच गेल्या. सुरुवातीला दोन डझन होत्या, शेवटी त्यांच्या नळ्या दीडशेच्या घरात पोचल्या. जिथे जागा दिसेल तिथे. बुरुजाच्या डोक्यावरसुद्धा.

मी १९४५ ची निवडली, आणि त्या दीडशे नळ्यांनी माझा अंत पाहिला. खऱ्या प्रमाणात त्या केसाएवढ्या व्हायला हव्यात. प्लास्टिकमध्ये तेवढं बारीक निघत नाही, म्हणून किटवाले त्या थोड्या जाड करतात. तरी एकेक तिहेरी तोफ मुगाच्या दाण्याएवढी. चिमट्यातून उडालेला भाग लादीवर गुडघे टेकून शोधणं यात या छंदाचा अर्धा वेळ जातो. पण पन्नासावी तोफ चिकटवताना एक गोष्ट जी वाचून कधी जाणवली नव्हती ती बोटांना जाणवली. ही सगळी गर्दी म्हणजे कबुली आहे. बांधणाऱ्यांनी जी बोट मोकळी, देखणी, नऊ महातोफांची म्हणून कल्पिली होती, तिच्या अंगावर भीती पुटकुळ्यांसारखी उठत गेली आहे. तारखाही पहा. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्यापुढे इंग्रजांच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन मोठ्या बोटी नुसत्या विमानांनी बुडवल्या. विमानं कोणाची? जपानचीच. यामातो आरमारात दाखल झाली ती त्यानंतर सहा दिवसांनी. बॅटलशिपांचा जमाना संपल्याचं जगाला ज्यांनी दाखवून दिलं, त्यांनीच आठवड्याच्या आत सर्वांत मोठी बॅटलशिप वाजतगाजत, नव्हे, गुपचूप सेवेत घेतली.

पुढे तिने केलं काय? १९४२-४३ मध्ये बराच काळ ती त्रुक बेटांत नांगरून होती. आत वातानुकूलन होतं, जेवण चांगलं होतं, म्हणून इतर बोटींवरचे खलाशी तिला ‘यामातो हॉटेल’ म्हणत. शत्रूच्या जहाजांवर तिने महातोफा चालवल्या त्या आयुष्यात एकदाच, २५ ऑक्टोबर १९४४ ला, सामार बेटापाशी. त्याच्या आदल्याच दिवशी मुसाशी विमानांच्या माऱ्याखाली बुडाली होती.

आमचा भाचा एकदा बराच वेळ टेबलाशी उभा राहून बघत होता. मग म्हणाला, ‘‘मामा, हातूंत मनीस खंय आसात?’’ प्रश्न बरोबर होता. खोक्यात माणसं नसतात. १:७०० च्या हिशेबात माणूस सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा, तिळाएवढा. शेवटच्या फेरीत यामातोवर ३,३३२ माणसं होती. तेवढे तीळ घेतले तर मोठा चमचाभर होतात. त्यातले वाचले पावणेतीनशेच्या आसपास. पोराला मी एवढंच सांगितलं की माणसं आत आहेत.

ती शेवटची फेरी अशी. १९४५ च्या एप्रिलात अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या होत्या. आरमाराच्या वरिष्ठांनी ठरवलं की यामातोने विमानांच्या संरक्षणाविना ओकिनावापर्यंत जावं, किनाऱ्यावर वाळूत रुतून बसावं आणि किल्ल्यासारखं लढत संपावं. ताफ्याचे प्रमुख इतो सेइइची आणि त्यांच्या हाताखालचे कप्तान यांनी याला विरोध केला. माणसं फुकट जातील, हे त्यांना दिसत होतं. शेवटी वरून आलेल्या अधिकाऱ्याने ही आत्मार्पणाची मोहीम साऱ्या देशाला वाट दाखवील असं सांगितलं आणि विरोध थांबला. ती केवळ जाण्यापुरतं तेल घेऊन निघाली असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात बंदरातल्या टाक्यांचा तळ खरवडून परत येण्याइतकं, चारेक हजार टन तेल तिला भरून दिलं होतं. ६ एप्रिलला यामातो, याहागी ही क्रूझर आणि आठ विनाशिका निघाल्या. ७ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमाराला अमेरिकन विमानं आली. टॉर्पेडो बहुतेक डाव्या बाजूला मारले. बोट कलंडू नये म्हणून उजव्या बाजूच्या इंजिनखोल्यांत पाणी सोडावं लागलं आणि तिथली माणसं आपल्याच बोटीने सोडलेल्या पाण्यात गेली. दोन वाजून तेवीस मिनिटांनी ती उलटून फुटली. धुराचा लोट आकाशात किलोमीटरच्या किलोमीटर चढला. इतो आणि कप्तान आरुगा बोटीबरोबर गेले. अमेरिकेची दहा विमानं पडली. वाचलेल्यांत योशिदा मित्सुरू नावाचा तरुण रडार अधिकारी होता. त्याने ही हकीकत युद्ध संपल्यावर लवकरच लिहून काढली, पण ताबा घेतलेल्या अमेरिकनांच्या सेन्सॉरने ती अडवली. पूर्ण पुस्तक निघालं १९५२ मध्ये.

वाळूत रुतवायची बोट म्हटल्यावर गोंयकाराला दुसरी एक बोट आठवल्याशिवाय राहत नाही. १८ डिसेंबर १९६१ ला मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची अफोंसो द आल्बुकर्क भारतीय आरमाराच्या बेतवा आणि बियास यांच्याशी लढली आणि शेवटी बांबोळीच्या किनाऱ्याला जाऊन टेकली. तीही एका हुकमाच्या छायेत. १४ डिसेंबरला सालाझारने लिस्बनहून गव्हर्नर व्हासालो इ सिल्वाला कळवलं होतं की शरणागती नको. सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले. अफोंसोचा कप्तान आंतोनियो द कुन्या आरागांव जबर जखमी झाला. पण बोट किनाऱ्याला लावली ती खलाशी उतरावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरने शरणागती पत्करली. सालाझारने १९६३ मध्ये त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा हुद्दा त्याला परत मिळाला. मुक्तीच्या त्या लढाईकडे कोणी कसंही पाहो, पण हजारो माईल दूर बसून दिलेला मरणाचा हुकूम न पाळल्यामुळे आपल्या पणजीचं काय काय वाचलं, याचा विचार मी त्या दीडशे नळ्या चिकटवताना अनेकदा केला. इतोला तशी पळवाट दिसली नाही, किंवा दिसूनही घेता आली नाही.

जपानचं पुढे काय झालं ते आपण जाणतोच. कुरेच्या त्याच गोदीत १९५० च्या दशकात अवाढव्य तेलवाहू बोटी बांधल्या जाऊ लागल्या. यामातो बांधताना शिकलेली माणसं, तुकड्या-तुकड्यांनी बोट जोडण्याची तीच रीत. त्याच दशकात मुरगावहून आपलं लोखंडाचं खनिज जहाजं भरभरून जपानला जाऊ लागलं होतं. कुरेमध्ये २००५ साली यामातोचं संग्रहालय उघडलं. तिथली प्रतिकृती १:१० ची आहे, २६ मीटरची. आपल्या मोठ्या ट्रॉलरांहूनही लांब.

माझी बोट दसऱ्याच्या सुमाराला पुरी झाली. पाण्याच्या रेषेवर कापलेली असल्यामुळे टेबलावर ठेवली की तरंगल्यासारखी दिसते. डोलकाठीच्या तारा तेवढ्या अजून ओढायच्या आहेत. त्यासाठी प्लास्टिकची चौकट मेणबत्तीवर धरून ताणायची असते, कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक धागा निघतो. भाच्याला ते काम हवं आहे. दिवाळीच्या सुट्टीत, नरकासुर आटोपला की बसू म्हणतो.